कुंकवाखालचा निकाल

धुरपदाबाईंच्या घराच्या मागच्या भिंतीला पोट सुटलं होतं. माणसाला सुटलं तर चार लोक म्हणतात, बरं चाललंय. मातीच्या भिंतीला सुटलं की ती पुढच्या पावसाळ्यात अंगावर येते. त्यात ही भिंत साधी नव्हती. तिच्या आतच धान्याचं बळद होतं आणि बळदात बियाण्याची ज्वारी. दोष कुणाचा, हे सांगायला गवंडी बोलवायची गरज नव्हती. शेजारच्या रुपचंदच्या घराच्या धाब्यावरून पत्र्याची पन्हाळ सोंडेसारखी पुढे आली होती, आणि त्याच्या छपरावरचं सगळं पाणी बाईंच्या भिंतीच्या मुळाशी ओकत होती.

गाव नरडाण्यापासून दोन कोसांवर. साल एकोणीसशे पस्तीस. फाल्गुनात अवकाळी पाऊस झाला, भिंतीचा एक पोपडा पडला, आणि धुरपदाबाईंनी पाणवठ्यावर, भरल्या बायकांत, रुपचंदला गाठलं.

"रुपचंद, ती पन्हाळ काढ."

"अक्का, पन्हाळ मनी, धाबं मनं, पानी देवनं. तुनं काय शे त्यामा?"

"मनी भीत शे त्यामा! आमना मुंबईना निकाल शे, माहीत शे ना? छापेल निकाल!"

निकालाचं नाव निघालं की रुपचंदच्या घरात सव्वीस वर्षं सगळे खाली बघत. धुरपदाबाईंचे सासरे चुडामणबाबा आणि रुपचंदचा बाप अभिमन यांचा पन्हाळीवरून दावा झाला होता. तो धुळ्याहून थेट मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला, चुडामणबाबा जिंकले, आणि तो निकाल कायद्याच्या पुस्तकात छापून आला. दर दसऱ्याला बाईंच्या घरी विळा, कुऱ्हाड, वखराची पास यांच्या पंगतीत पत्र्याच्या नळीतली निकालाची नक्कल मांडली जाई. तिला हळद, कुंकू, अक्षता, वर आपट्याचं पान. निकालात काय आहे हे कुणी विचारत नसे. काय असायचं? पन्हाळीचं भांडण, आपण जिंकलो, अभिमन हरला. म्हणजे त्यांची पन्हाळ आपल्याकडे नको. एवढं कळायला इंग्रजी कशाला?

पण त्या दिवशी रुपचंद खाली बघायला तयार नव्हता. "व्हई तो जुना निकाल," तो म्हणाला. "आते त्याले कोन इचारस?"

झालं. बाईंनी हंडा खाली ठेवला. "आखाजीना पहिले ही पन्हाळ उतारसू. नही उतारी, तर तुना ओटावर ईसन सुंदरबाईना हातनी सांजोरी खासू!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. सुंदरबाई ही रुपचंदची बायको, आणि दोन्ही घरांनी सव्वीस वर्षांत एकमेकांच्या ओट्याला पाय लावला नव्हता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेकी माहेरी आलेल्या असताना, साऱ्या गावादेखत शत्रूच्या ओट्यावर बसून सांजोरी खायची, यापेक्षा बाईंनी विहिरीत उडी घेतली असती तरी गावाला कमी नवल वाटलं असतं.

दुसऱ्याच दिवशी बाई आपल्या मुलाला, जीवरामला, घेऊन धुळ्याला गेल्या. देवपुरातले भाईदास वकील आधी नोटीस धाडत आणि मग विचार करत, म्हणून त्यांच्याकडे गर्दी असे.

"पन्हाळ किती वर्षांची?" वकिलांनी टाक बुडवून विचारलं.

खरं म्हणजे रुपचंदने ती तीन वर्षांपूर्वी बसवली होती. पण तीन वर्षं हा काय आकडा झाला? तीन वर्षं तर पाहुणाही त्रास देतो. बाईंना आपल्या सोशिकपणाला शोभेल असा आकडा हवा होता.

"पंचवीस," त्या म्हणाल्या. "नवरी होऊन आले तेव्हापासून सोसते आहे."

वकिलांसमोर त्या शहरी बोलत. मराठी शाळेत त्या दुसरीपर्यंत शिकल्या होत्या.

जीवराम खाकरला. "माय, तीन..."

"पंचवीस वर्सना तू शे का? नही ना? मंग तुले काय ठाऊक?"

जीवराम बावीस वर्षांचा होता. नोटीस गेली.

पंधरा दिवसांनी रुपचंदच्या वकिलाचं उत्तर आलं. जीवरामने ते ओट्यावर वाचून दाखवलं. पन्हाळ पंचवीस वर्षांची आहे हे सपशेल खोटं. ती तीन वर्षांपूर्वी बसवली आणि त्याआधी त्या बाजूला पन्हाळच नव्हती. बाई खोटारडी आहे. इथपर्यंत धुरपदाबाई शांत होत्या, कारण ते खरंच होतं. पण शेवटच्या ओळीला त्यांच्या हातातलं सूप थांबलं. 'ज्या जुन्या निकालाचा बाई टेंभा मिरवतात, तो निकाल केव्हाच रद्दबातल झाला आहे.'

"रद्द?" बाई म्हणाल्या. "हायकोर्टाना निकाल काय दूध शे, नासाले?"

तरी पुन्हा धुळं गाठणं आलं. या खेपेला नळी बरोबर घेतली.

"निकाल रद्द होऊ शकतो, बाई," भाईदास वकील म्हणाले. "पुढे दुसरा निकाल येतो आणि पहिल्याला मोडीत काढतो. म्हणून जुना निकाल कोर्टात नेण्याआधी तो अजून उभा आहे का, ते बघावं लागतं. आणा ती नक्कल."

नक्कल उलगडली. वरच्या चार ओळींत दोघांच्या बापजाद्यांची नावं होती. अगदी खाली शिक्का होता आणि त्याच्यावर एक ओळ. मधला सगळा भाग लालभडक. सव्वीस दसऱ्यांचं कुंकू तेलात भिजून कागदाच्या आरपार गेलं होतं.

"मध्ये काय आहे?" वकिलांनी कागद उजेडाकडे धरला.

"मधी कुंकू शे," जीवराम म्हणाला.

"ते दिसतंय. शेवटी लिहिलंय, अपील मंजूर. चुडामण जिंकले हे नक्की. कशावर जिंकले, ते देवाला ठाऊक."

"ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही तो उभा आहे की आडवा तेवढं सांगा."

भाईदास वकिलांनी मगन कारकुनाला हाक मारली. मगन जाडजूड सूची घेऊन आला. तिच्यात एकेका निकालाचं नाव आणि खाली चार ओळींत सार छापलेलं असे. निकालाचं पुढे काय झालं याच्या छापील चिठ्ठ्या मुंबईहून येत, आणि मगन त्या खळ लावून ज्या त्या निकालाशेजारी चिकटवी. त्याने पान काढलं आणि त्याचा चेहरा पडला.

चुडामणबाबांचं नाव होतं. नावाखाली खळीचा पिवळट चौकोन होता. चौकोनावर चिठ्ठी नव्हती. आणि चौकोनाच्या आतबाहेर, निकालाच्या सारासकट, कागदाची चाळण झाली होती.

"कसर," मगन पुटपुटला. "खळीच्या वासानं लागते. खळीत मोरचूद घातलं की येत नाही. त्या साली बहुतेक मी मोरचूद..."

"विसरला," वकील म्हणाले.

"थोडक्यात विसरलो."

"पण चिठ्ठी होती ना?" बाईंनी विचारलं. "म्हणजे निकाल चांगला. वाईटाला कोण चिठ्ठी लावतं?"

"चिठ्ठ्या दोन जातींच्या, बाई. एकीवर असतं की हा निकाल मोडला. दुसरीवर असतं की पुढच्या न्यायाधीशांनी हाच निकाल धरून चालवला."

"यातली कोणती होती?"

मगनने डोळे मिटून पाहिले. "बाई, मी हजारो चिकटवल्यात."

"तुझ्या घरी जेवायला किती पानं लागतात ते तरी आठवतं का, की तेही कसरीनं खाल्लं?"

मगन पुस्तक घेऊन आत गेला तो परत आलाच नाही. भाईदास वकिलांनी जळगावच्या लीलाधर वकिलांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. त्यांच्याकडे मूळ पुस्तकं होती, ओळीनं, एकही अंक न गाळता. "आणि त्यांच्याकडे मोरचूद घालतात," ते म्हणाले.

आखाजीला चार दिवस उरले होते.

नरडाण्याच्या फलाटावर जळगावची गाडी लागली. धुरपदाबाई डब्यात चढल्या आणि समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाने घाईघाईने खिडकीबाहेर मान वळवली. मान वळवून उपयोग नव्हता. तो कान त्यांनी पंचवीस वर्षं कुंपणावरून पाहिला होता.

"काय रे रुपचंद, जळगावले काय काम काढं?"

"जे तुनं तेच मनं," रुपचंद खिडकीला म्हणाला. "मना वकील सांगस, रद्द शे हाई मी ठोकी दिन्हं. आते तूच पाही ये, म्हने."

"म्हंजे तुना वकीलनीबी आंधयामा दगड मारा!"

बाईंना एकदम बरं वाटलं. अमळनेर मागे पडल्यावर त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी सोडल्या, वर मिरचीचा ठेचा काढला. डबाभर वास सुटला. रुपचंदच्या पोटातून असा आवाज आला की जीवरामने आईकडे पाहिलं.

"दे त्याले एक," बाई म्हणाल्या. "हारानं पहिले मानूसनी जेवाले पाहिजे."

रुपचंदने भाकरी घेतली. तोंड मात्र खिडकीकडेच ठेवलं.

लीलाधर वकील सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे. दोन पक्षकार एकाच टांग्यातून उतरून एकाच निकालाची चौकशी करायला आलेले पाहून त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही एकमेकांचे विरोधक ना?"

"जन्माचे," धुरपदाबाई म्हणाल्या. "पण आधी माझं एक ऐका. पुस्तक उघडायच्या आधी याच्याकडून वदवून घ्या. निकाल उभा असला तर त्यात जे छापलंय ते मान्य. मागाहून कुरकुर नको."

"अक्काले बी इचारा," रुपचंद म्हणाला. "तिले बी मान्य पाहिजे."

"मला? माझाच निकाल, मला मान्य नसेल का? लिहून घ्या."

लीलाधर वकिलांनी खरंच लिहून घेतलं. जीवरामने साक्षीदार म्हणून सही केली. मग त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं, पान लावलं. समासात पांढरीशुभ्र, कोरी करकरीत चिठ्ठी चिकटलेली होती. त्यांनी ती वाचली, तिच्यावरून आणखी दोन पुस्तकं काढली, तीही वाचली. धुरपदाबाईंनी इतका वेळ श्वास फक्त बाळंतपणात धरला होता.

"उभा आहे," लीलाधर वकील म्हणाले. "दोनदा पुढच्या न्यायाधीशांपुढे आला, दोनदा त्यांनी मान्य केला. निकालाला कुठे धक्का नाही."

"जीवराम! पेढे!"

जीवराम धावला. पेढे आले. बाईंनी ते वकिलांना दिले, त्यांच्या कारकुनाला दिले, टांगेवाल्याला बोलावून दिले, आणि शेवटी पुडा रुपचंदपुढे धरला. "ले. गोड कर तोंड. आते पन्हाळ उतार."

रुपचंदने हात मागे घेतला. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"पन्हाळ का उतरवायची?" लीलाधर वकिलांनी विचारलं.

"निकालात आहे ना!"

"निकालात?" वकिलांनी पुन्हा पानावर बोट ठेवलं. "चुडामण यांच्या छपराची पन्हाळ अभिमन यांच्या अंगणात पडत होती. अभिमन यांनी तिच्यात गोणपाट कोंबलं. चुडामण म्हणाले, माझी पन्हाळ वीस वर्षांवर वाहते आहे. हायकोर्ट म्हणालं, बरोबर. वीस वर्षं उघडपणे वाहत आलेली पन्हाळ शेजाऱ्याला बंद करता येणार नाही."

बाईंनी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला.

"आमची पन्हाळ?" बाई म्हणाल्या. "आमच्या घराला पन्हाळच नाही."

होती. त्यांना आता आठवलं, सासूबाई म्हणायच्या, दावा जिंकला आणि वर्षाच्या आत बाबांनी घर नव्यानं बांधलं, छपराचा उतार गल्लीकडे फिरवला. ज्या पन्हाळीसाठी मुंबई गाठली ती हातात आल्यावर नकोशी झाली. आणि धुरपदाबाई नवरी होऊन आल्या त्या नव्या घरात.

रुपचंद मात्र हळूहळू उजळत होता. "वकीलसाहेब, म्हंजे वीस वर्सनी पन्हाळ काढता येत नही?"

"शेजारी काढायला लावू शकत नाही."

"आनि अक्कानी नोटीसमा लिखेल शे, पंचवीस!"

रुपचंदने पुड्यातून दोन पेढे उचलले.

पण धुरपदाबाई अजून बसलेल्या होत्या, पडलेल्या नव्हत्या. "जीवराम, त्याचं उत्तर वाच. तो काय म्हणतो, किती वर्षांची?"

"तीन," जीवरामने वाचलं. "त्याआधी त्या बाजूला पन्हाळच नव्हती."

रुपचंदचा दुसरा पेढा घशातच राहिला.

लीलाधर वकिलांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "चाळीस वर्षं वकिली केली, पण हे नाही पाहिलं. बाईंच्या नोटिशीप्रमाणे रुपचंद जिंकले. रुपचंदांच्या उत्तराप्रमाणे बाई जिंकल्या. आता तुमच्यापैकी एकाने, मी लेखी खोटं बोललो, एवढं म्हणायचं. म्हणेल तो जिंकला."

परतीच्या गाडीत दोघंही खिडकीबाहेर बघत होते. वेगवेगळ्या खिडक्यांतून.

बाई मनात तोलत होत्या. तीन वर्षं म्हटलं की पन्हाळ उतरते, भिंत वाचते, सांजोरी टळते. पण मग उद्या पाणवठ्यावर बेबाबाईपासून तानुबाईपर्यंत प्रत्येक जण म्हणणार, धुरपदा कागदावर खोटं बोलली. भिंत पडली तर पुन्हा बांधता येते. आणि दुसरं म्हणजे, रुपचंद कोपऱ्यात बसून हाच हिशोब करत असणार. त्याने आधी तोंड उघडलं तर तो खोटाही ठरेल आणि जिंकेलही. बाईंना त्याचं जिंकणं चाललं असतं. आपल्या आधी जिंकणं चालणार नव्हतं.

धरणगाव आलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. "माय, काय ठरावं?" जीवरामने भीत भीत विचारलं.

"सांजोरी खावानं."

आखाजीच्या दिवशी धुरपदाबाई हिरवं लुगडं नेसल्या, नथ घातली, आणि पोलीस पाटलाला व चार पंचांना पुढे घालून रुपचंदच्या ओट्यावर चढल्या. लेकींचे झोके थांबले. गल्ली माणसांनी भरली. हरायला निघालेली बाई कुणी इतकी नटलेली पाहिली नव्हती.

सुंदरबाईंनी ताट ठेवलं. बाईंनी सांजोरी मोडली, खाल्ली, दुसरी घेतली.

"मोहन कमी पडनं, सुंदरबाई. पुढला साल मी सांगसू." मग पंचांकडे वळून त्या म्हणाल्या, "आता ऐका. मी म्हटलं होतं, पन्हाळ पंचवीस वर्षांची. हा म्हणाला, बाई खोटारडी. रुपचंद, आते सांग. पन्हाळ किती वर्सनी?"

रुपचंदला वाटलं देव पावला. "पंचवीस!" तो ओरडला. "पंचवीस, अक्का! मीच खोटं लिखं व्हतं!"

"कागदावर घ्या. अंगठा उठव. आणि हेही घ्या, पन्हाळीला तो स्वखर्चानं दोन हात पत्रा जोडील. पाणी भिंतीवर नको, माझ्या म्हशींच्या नांदेत पडू दे."

रुपचंदने आनंदाने अंगठा उठवला. दोन हात पत्र्यात अख्खी पन्हाळ वाचत होती! गावात मात्र संध्याकाळपर्यंत एकच बोललं जात होतं: धुरपदाबाई खरी बोलली होती, रुपचंद खोटारडा निघाला, आणि बाई मोठ्या मनानं त्याच्या घरी जेवून आली.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. दगडी नांद पहिल्याच आठवड्यात भरली. बाईंच्या म्हशी घरी पाणी प्यायच्या, भांडी त्यातच, भाजीचा वाफा त्यावरच. भिंतीला गवंड्याने टेकू दिला आणि ती कोरडीठाक उभी राहिली. पुढल्या साली पाऊस रुसला. विहिरीचा तळ दिसला, पाणवठ्यावर रांगा लागल्या. आणि जी एखादी सर येई, तिच्यात रुपचंदच्या छपरावरचं पाणी दोन हात पत्र्यावरून डौलात चालत बाईंच्या नांदेत उतरे.

सुंदरबाईंनी नवऱ्याचे कान खाल्ले. एका सकाळी रुपचंद शिडी लावून वर चढला.

"काय करी ऱ्हायना?" खालून आवाज आला.

"पन्हाळ मना अंगनकडे फिराई ऱ्हायनू, अक्का."

"हात नको लावू. पंचवीस वर्सनी पन्हाळ बंद करता येत नही. हायकोर्टानं छापेल शे. तुना अंगठा शे."

"पन पन्हाळ मनी शे!"

"निकाल मना शे. उतर खाले."

रुपचंद उतरला. पण त्याचं मन मानेना. त्याने मास्तरांकडून जळगावच्या लीलाधर वकिलांना पत्र लिहवून घेतलं: तो निकाल अजून उभा आहे का, आणि मला माझी पन्हाळ फिरवता येईल का, कृपा करून कळवावे. आठ दिवसांनी कार्ड आलं तेव्हा मास्तर बोदवडला लग्नाला गेले होते आणि जीवराम शेतात होता. रुपचंदला दम निघेना. गल्लीत अक्षरं जाणणारं तिसरं माणूस एकच होतं. दोन-तीनदा कुंपणापर्यंत येऊन तो परत गेला, आणि शेवटी त्याने कार्ड पुढे केलं.

धुरपदाबाईंनी हात पदराला पुसले. बोट ठेवत, एकेक अक्षर लावत वाचलं. "नि-का-ल अ-जू-न उ-भा आ-हे." मग बोट पुढच्या ओळीवर गेलं. तिसऱ्या ओळीवर. चौथ्या. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. शेवटी त्यांनी कार्ड शांतपणे दुमडलं.

"पुढे काय लिखेल शे, अक्का?"

"पुढे वकीलनी सही शे."

"तीन ओळीसनी सही?"

"मोठा वकील शे," धुरपदाबाई म्हणाल्या, आणि कार्ड पत्र्याच्या नळीत घालायला आत गेल्या.